आवाज कुणाचा?

परवाच्या शनिवारी माझ्या खोलीवर आम्ही सहा जण जमलो होतो. ऑफिसातून उसना आणलेला प्रोजेक्टर, भिंतीला टाचलेली चादर, वडापाव, वगैरे. (प्रोजेक्टर सोमवारी सकाळी जागेवर गेला, काळजी नसावी.) सिनेमा निवडायची पाळी माझी होती म्हणून मी ज्यूली डॅशची 'इल्युजन्स' लावली. १९८२ ची शॉर्टफिल्म, ब्लॅक अँड व्हाइट, ३४ मिनिटांची. संपली, दिवा लागला, आणि आमच्यातला एक मित्र बोलला. नाव कशाला घ्या, त्याच्या खोलीत कित्येक वर्षं 'डार्क नाइट'चं पोस्टर लटकतंय, तेव्हा पोस्टरवाला म्हणू.

"बरी आहे रे. पण या लोकांना दुसरा विषयच नसतो का? सारखी आपली आयडेंटिटी. मी काळी, मी बाई, माझी ओळख काय. टॅलेंटला कुठे रंग असतो? आणि ती गाणारी आहे ना, ती स्वतः गातच नाहीये. चक्क कळतंय. नुसती ओठ हलवतेय."

शेवटच्या वाक्याबद्दल त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला हवा होता. बाकीच्या वाक्यांसाठी हा लेख.

आधी गोष्ट सांगतो. साल १९४२. अमेरिका युद्धात उतरलेली. हॉलिवुडमधला नॅशनल नावाचा एक (काल्पनिक) स्टुडिओ. तिथे मिन्यों ड्युप्री नावाची बाई निर्मात्याची सहायक आहे. हॅट, सूट, उंच टाचा, सतत फोन. लोनेट मकीने हे काम फार ऐटीत केलंय. स्टुडिओत सगळे तिला गोरी समजतात. ती गोरी नाही. रंग इतका उजळ की कुणी विचारलं नाही, आणि तिनेही आपणहून सांगितलं नाही.

आता स्टुडिओपुढे एक भानगड उभी राहिलेली आहे. एका संगीतपटात गाण्याचा आवाज आणि चित्र यांचा मेळ सुटलाय. गोरी नटी लायला ग्रांट पडद्यावर तोंड उघडते एकीकडे आणि सूर येतो भलतीकडे. ज्यांनी कधी व्हिडिओचं काम केलंय त्यांना ठाऊक असेल, सेकंदाला २४ चौकटी, त्यातल्या चार-पाच इकडच्या तिकडे झाल्या की डोळ्याला खुपायला लागतं. मग उपाय म्हणून एस्टर जीटरला बोलावणं जातं. एस्टर कृष्णवर्णीय आहे, तरुण आहे, आणि लायलाच्या तोंडी असलेला आवाज मुळात तिचाच.

इथे जरा थांबा, कारण पोस्टरवाला नेमका इथे वड्याबरोबरची मिरची शोधत होता. नेहमीची पद्धत अशी की गाणारी आधी गाते, आणि मग नटी त्या गाण्यावर ओठ हलवते. म्हणजे नटीने आवाजाच्या मागे जायचं. इथे सगळं उलटं झालंय. चित्र पक्कं आहे, ते बदलता येत नाही. तेव्हा एस्टरने काचेच्या खोलीत उभं राहायचं, समोर पडद्यावर लायलाचे हलणारे ओठ बघायचे आणि आपलाच आवाज त्या ओठांत नेमका बसवायचा. मूळ गाणारीने आपल्या नकलेची नक्कल करायची! आणि ती ते करते. झकास करते. तंत्रज्ञ खुश, स्टुडिओ वाचला. लायलाचं नाव होणार, एस्टर पैसे घेऊन घरी जाणार. सिनेमाला गेल्यावर ती मनातल्या मनात पडद्यावर स्वतःलाच बघते, हे तिच्याच तोंडून येतं. त्यात रडारड नाही, हसतमुखाने सांगते. मला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं.

आता पोस्टरवाल्याची तक्रार. एस्टरचं काम करणारी रोझॅन कॅटन खरंच गात नाहीये. तो आवाज एला फिट्झजेरल्डचा आहे. म्हणजे दुसऱ्यासाठी आवाज देणाऱ्या बाईची गोष्ट सांगताना दिग्दर्शिकेने त्या बाईलाही दुसऱ्याच बाईचा आवाज दिला. साहेबांना जी चूक वाटली तिथेच अख्खी फिल्म उघडी होते. आपण एस्टरसाठी हळहळत असतो, लायलावर चिडत असतो, आणि त्याच क्षणी आपणही फसत असतो. चादरीवरची प्रतिमा आणि आवाज यांचं लग्न कुणीतरी लावून दिलेलं असतं, भटजी दिसत नाही इतकंच.

आणि एलाच का? १९४२ सालीच, म्हणजे ही गोष्ट घडते त्याच वर्षी, 'राइड एम काउबॉय' नावाचा ॲबट-कॉस्टेलोचा विनोदी सिनेमा आला. एला फिट्झजेरल्डचं पडद्यावरचं ते पहिलं काम. तोवर तिच्या रेकॉर्डी देशभर वाजत होत्या, ती नावाजलेली गायिका होती. तिला भूमिका काय मिळाली? मोलकरणीची. गाणं म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. त्याच वर्षी लेना हॉर्नला एमजीएमने करारात घेतलं, पण पुढच्या कित्येक सिनेमांत तिची गाणी अशी सुटी चित्रित केली जात की दक्षिणेकडच्या थिएटरांत ती कापून टाकता यावीत आणि कथेत कुठे भोक पडू नये. काय डिझाइन आहे बघा! आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'लूज कपलिंग' म्हणतो आणि चांगला गुण समजतो.

तर 'यांना दुसरा विषय नसतो का' याचं माझं उत्तर असं की तू विषयच चुकीचा ओळखलास. 'मी कोण' असा आरशापुढे उभं राहून विचारलेला प्रश्न या फिल्ममध्ये शोधून सापडत नाही. मिन्योंला आपण कोण हे पक्कं माहीत आहे. ती आईशी फोनवर बोलते तेव्हाही माहीत आहे आणि साहेबाशी बोलते तेव्हाही. एस्टरला तर तिला बघताक्षणी कळतं, आणि ती कुणाला सांगत नाही. गोंधळ झालाय तो स्टुडिओचा. प्रश्न आहे तो असा: काम कुणी केलं आणि चेहरा कुणाचा लागला. पैसे कुणाला, टाळ्या कुणाला. ज्याला आपण तुच्छतेने 'आयडेंटिटीचं रडगाणं' म्हणतो तो इथे सरळसरळ कामाच्या हिशेबाचा मामला आहे. कामाचा हिशेब मागणाऱ्याला रडका म्हणायची सोय मोठी आहे, हिशेब द्यावा लागत नाही.

'सिंगिंग इन द रेन' आमच्यातल्या सगळ्यांनी पाहिलाय. १९५२ चा. पोस्टरवाल्यालाही आवडतो. त्यातही हीच गोष्ट आहे: नटीचा आवाज भयंकर, पडद्यामागे दुसरीच मुलगी गाते, शेवटी पडदा वर जातो, खरी गायिका दिसते, टाळ्या, प्रेम, समाप्त. तो सिनेमा पाहून कुणी म्हणालं नाही की 'या लोकांना सारखी आयडेंटिटी'. का? तर पडद्यामागची मुलगी डेबी रेनॉल्ड्स होती. गोरी. तिचा पडदा वर जाऊ शकत होता. आणि त्यातली गंमत म्हणजे त्या सिनेमात डेबी रेनॉल्ड्सच्याही एका गाण्याला बेटी नॉइस नावाच्या तिसऱ्याच बाईचा आवाज आहे! म्हणजे 'खऱ्या आवाजाला न्याय' देणाऱ्या सिनेमातही खरा आवाज पडद्यामागेच राहिला. डॅशच्या फिल्ममध्ये पडदा वर जातच नाही. १९४२ मध्ये तो गेला नसता, म्हणून. यात प्रामाणिक कोण?

आमच्यातली एक मैत्रीण म्हणाली, "मग आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? अख्खी इंडस्ट्रीच प्लेबॅकवर चालते." रास्त मुद्दा. १९४९ साली 'महल' आला तेव्हा त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव 'कामिनी' होतं. कामिनी म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव. गाणारी लता मंगेशकर, तबकडीवर नाव एका काल्पनिक बाईचं. एस्टरचीच गत. पण आपल्याकडे पुढे ते बदललं. नाव आलं, भांडून आलं. १९५९ ला फिल्मफेअरने पार्श्वगायनाचं पारितोषिक सुरू केलं आणि पहिलं लताबाईंनाच मिळालं. पुढे तर अशी वेळ आली की नटी कोण हे विसरलं जायचं आणि आवाज लक्षात राहायचा. थोडक्यात, दुसऱ्यासाठी गाणं हे काही पाप नाही. सगळ्यांना ठाऊक असलेला तो एक खेळ असू शकतो.

यावर पोस्टरवाला लगेच, "बघ! आणि तिकडे गोऱ्या गायिकांची पण नावं नसायचीच की." खरंय. मार्नी निक्सन गोरीच होती. 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा कर, 'वेस्ट साइड स्टोरी'मध्ये नॅटली वुड, 'माय फेअर लेडी'त ऑड्री हेपबर्न, सगळ्यांसाठी ती गायली आणि नामावळीत नाव नाही. अन्याय झालाच. पण १९६५ च्या 'साउंड ऑफ म्युझिक'मध्ये तीच मार्नी निक्सन जोगिणीच्या वेशात पडद्यावर येते, गाते, चार माणसांत माणसासारखी उभी राहते. तिला पडद्यावर यायला दार होतं, उशिरा का होईना उघडलं. एलाच्या दाराला मोलकरणीचा ॲप्रन टांगलेला होता, तो घाला आणि मग आत या. आणि समजा यदाकदाचित एखादी कृष्णवर्णीय नटी नायिका झालीच, तर? १९५४ च्या 'कार्मेन जोन्स'मध्ये डोरोथी डँड्रिज नायिका होती, त्या कामासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, प्रमुख अभिनेत्रीच्या गटात कृष्णवर्णीय बाईला मिळालेलं पहिलं. डँड्रिज स्वतः क्लबांतून गाणारी बाई. तरी गाण्याचा आवाज मॅरिलिन हॉर्नचा, म्हणजे एका गोऱ्या ऑपेरा गायिकेचा. टॅलेंटला रंग नसतो म्हणे! टॅलेंटला नसेल, भरती करणाऱ्याच्या डोळ्याला असतो.

आता मिन्योंकडे येतो, कारण मला जास्त बोचली ती मिन्यों.

रंग लपवून गोऱ्यांत वावरण्याला अमेरिकेत 'पासिंग' म्हणतात. म्हणजे पास होणं, खपून जाणं. आपल्याकडे याच कृतीला शब्द आहे 'जात चोरणं'. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आणि त्याच नावाचा १९६३ चा संग्रह कुणी वाचला नसेल तर हा लेख इथेच सोडून आधी ते वाचा. रेल्वेतली नोकरी, नवीन गाव, डोक्यावर छप्पर हवं म्हणून जात न सांगितलेला माणूस, आणि ती कळल्यावर त्याला बसलेला मार. पण मी बोलतोय तो शब्दाबद्दल. चोरली! आपल्याच मालकीची वस्तू, तीही गळ्यात बांधलेली, ती खिशात ठेवली तर माणूस चोर ठरतो. आणि एस्टरचा गळा घेऊन लायलाच्या तोंडात बसवणारा स्टुडिओ? तो चोर नाही. त्याने पैसे दिले, सही घेतली, धंदा केला.

हॉलिवुडने पासिंगवर आधीही सिनेमे काढले होते, नाही असं नाही. १९४९ चा 'पिंकी' घ्या: रंग लपवणाऱ्या कृष्णवर्णीय मुलीचं काम जीन क्रेन नावाच्या गोऱ्या नटीला. १९५९ चा 'इमिटेशन ऑफ लाइफ', तिथेही ती भूमिका कृष्णवर्णीय नटीला नाही. १९३४ साली त्याच गोष्टीवर निघालेल्या सिनेमात मात्र फ्रेडी वॉशिंग्टन होती, म्हणजे २५ वर्षांत प्रगती उलटी झाली. 'इमिटेशन'ची गोष्ट संपते ती अशी की मुलगी आईच्या शवपेटीशी कोसळून रडते. धडा मिळाला, प्रेक्षक निवांत घरी. डॅशने हे नाकारलं. एक लेफ्टनंट, जो आख्खी फिल्म मिन्योंच्या मागे मागे करत असतो, तिच्या माणसाचा फोटो बघतो. माणूस काळा. आता हिचं बिंग फुटलं, आता रडेल, माफी मागेल, पळेल असं वाटतं. ती यातलं काही करत नाही. उभी राहून त्यालाच सुनावते. तिला स्टुडिओतच राहायचंय आणि ज्यांना पडदा माणसांत धरत नाही त्यांच्या गोष्टी सांगायच्यात, युद्धात लढणाऱ्या नावाहो लोकांच्यासुद्धा.

तरीही एस्टरला त्या काचेच्या खोलीत उभं करण्याच्या कामात मिन्योंचाही हात आहे, हे फिल्म लपवत नाही. एकीने चेहरा लपवला म्हणून ती काचेच्या अलीकडे, दुसरीला लपवता येत नाही म्हणून ती पलीकडे.

इथे मला स्वतःबद्दल थोडं लिहायला हवं, टाळत होतो. दोन वर्षांपूर्वी क्लायंटच्या डेमोमध्ये आमच्या टीममधल्या एका ज्युनियर मुलीने लिहिलेला सगळा भाग मी दाखवला. तिचं इंग्रजी अडखळतं, म्हणून मी बोलायचं असं ठरलं होतं. ती त्याच कॉलवर होती, म्यूटवर. मध्ये मी एका प्रश्नाला अडलो तर तिने चॅटवर उत्तर टाकलं आणि मी ते वाचून दाखवलं, माझ्या आवाजात. क्लायंट म्हणाला, ग्रेट जॉब. मी म्हणालो थँक्यू. 'आम्ही' केलं म्हणालो की 'मी', हे आठवत नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. आठवतं. 'मी' म्हणालो. त्या वर्षीचं रेटिंग माझं चांगलं आलं, तिचं साधारण. माझा प्रसंग एस्टरच्या पासंगालाही पुरणार नाही, तिच्या मागे गुलामगिरीपासूनचा इतिहास आहे आणि आमच्या मागे फक्त अप्रेझल. तुलना करायची नाहीये. पण ती काचेची खोली बघताना मला सगळ्यात आधी चॅटची खिडकी दिसली, आणि मी काचेच्या कुठल्या बाजूला होतो तेही. 'आयडेंटिटी त्यांचा प्रश्न आहे, आपला काय संबंध' असं म्हणणाऱ्याने निदान आपले डेमो आठवून बघावेत.

पोस्टरवाल्याचा आणखी एक मुद्दा राहिला. "शॉर्टफिल्म म्हणजे शेवटी प्रॅक्टिसच ना रे. व्हिजिटिंग कार्ड. मोठा सिनेमा मिळाला की कोण शॉर्टफिल्म करतंय."

ज्यूली डॅश न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीत वाढली. हार्लेममध्ये कॅमेरा हातात घेतला, पुढे लॉस एंजेलिसला यूसीएलएत शिकली. चार्ल्स बर्नेट, हेली गेरिमा वगैरे मंडळी तिथलीच, त्या पिढीला 'एल. ए. रिबेलियन' म्हणतात. १९७५ ते १९८२ मध्ये तिने शॉर्टफिल्म केल्या आणि १९९१ मध्ये 'डॉटर्स ऑफ द डस्ट' हा पूर्ण लांबीचा सिनेमा. अमेरिकेत सर्वसाधारण थिएटरांत लागलेला, आफ्रिकन-अमेरिकन बाईने दिग्दर्शित केलेला तो पहिला. साल नीट वाचा, १९९१-९२. ('इल्युजन्स'च्याच वर्षी, १९८२ मध्ये, कॅथलीन कॉलिन्सने 'लूझिंग ग्राउंड' पूर्ण केला होता. तो थिएटरात लागायला २०१५ उजाडलं. कॉलिन्स १९८८ लाच गेली.) 'डॉटर्स'ला सनडान्समध्ये छायाचित्रणाचं पारितोषिक मिळालं, सिनेमा चालला. मग तुझ्या व्हिजिटिंग कार्डच्या थिअरीप्रमाणे पुढे रांग लागायला हवी होती. टीव्हीसाठी कामं मिळाली, रोझा पार्क्सवरचा २००२ चा टीव्ही सिनेमा तिचाच. पण 'डॉटर्स'सारखा थिएटरांतून देशभर फिरणारा दुसरा कथापट कुठल्या बड्या स्टुडिओने तिला दिला नाही. २०२२ च्या 'साइट अँड साउंड'च्या यादीत तोच 'डॉटर्स' जगातल्या सर्वोत्तम सिनेमांत साठावा! कार्ड छान होतं, वाचलं, परत दिलं.

आणि 'प्रॅक्टिस'बद्दल. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस दरवर्षी जतन करण्याजोगे २५ सिनेमे निवडते. २०२० च्या यादीत 'इल्युजन्स' आहे. त्याच यादीत आणखी एक सिनेमा आहे: 'द डार्क नाइट'. हे मी शनिवारी मुद्दाम शेवटी सांगितलं. दोन मिनिटं शांतता होती. मला अशा वेळी फार बरं वाटतं, हा माझा दुर्गुण आहे :)

लांबीचंही असंच. ३४ मिनिटांत जे बसलं ते दोन तासांत पातळ झालं असतं. दोन तासांत मिन्योंला एक प्रेमप्रकरण द्यावं लागलं असतं, लेफ्टनंटला पश्चात्ताप, एस्टरला एखादी टाळ्यांची मैफल. डॅशची त्याआधीची 'फोर विमेन' (१९७५) तर सात मिनिटांची आहे, निना सिमोनच्या गाण्यावर. गाण्यात चार बायका, चारींच्या रंगाच्या छटा वेगळ्या, आयुष्यं वेगळी. पडद्यावर नर्तकी एकच, लिंडा मार्टिना यंग. कपडे बदलतात, पाठीचा कणा बदलतो, मान बदलते. तेच शरीर, आणि जग त्याच्यावर चार वेगळी लेबलं चिकटवतं. यावर प्रबंध लिहिणारे लिहोत, ती सात मिनिटांत नाचून मोकळी झाली.

एका बाबतीत मात्र मी पोस्टरवाल्यापुढे हार मानली. तो म्हणाला, मिन्यों शेवटी बोलते फार, करत काही नाही. ते शेवटचं भाषण जरा जास्त नेटकं आहे खरं. तिने ते सिनेमे पुढे काढले का, तिला काढू दिले का, फिल्म सांगत नाही. आणि एस्टर शेवटी कुठे गेली? त्यावर आमचं रात्री दीडपर्यंत चाललं होतं, खालच्या काकांनी वर येऊन दार वाजवेपर्यंत.

पुढच्या शनिवारी 'फोर विमेन'. सातच मिनिटं आहेत, तेव्हा कुणाला घाई असल्याची सबब चालणार नाही. वडे पोस्टरवाल्याकडे लागले. त्या ज्युनियर मुलीलाही मी बोलावलंय. येते म्हणालेली नाही अजून.